कलेजा, पिशवी आणि नस : डॉक्टरांसमोर आपण नेमके काय सांगतो?

बकरी ईदच्या दिवशी आपल्या घरातले दहा वर्षांचे मूलही कलेजी कोणती, गुर्दा कोणता, तिल्ली कोणती हे बिनचूक सांगते. पित्ता न फोडता अलगद वेगळा करायचा, फुटला तर कलेजी कडू होते, हे दादी-नानींकडून आपण ऐकतच मोठे झालो. या बाबतीत आपल्या घरांना शरीराची बरीच ओळख असते. पण हेच अवयव स्वतःच्या शरीरात दुखू लागले, की आपण डॉक्टरांसमोर बसून पोटावरून हात फिरवतो आणि एवढेच म्हणतो, "डॉक्टर साब, पेट में दुखरा." बरगडीपासून मांडीपर्यंत सारे एका 'पेट'मध्ये येते. डॉक्टरांनी पुढे काय विचारायचे आणि आपण काय उत्तर द्यायचे, हे मग नशिबावर राहते.

अवयवांची नावे हा केवळ शाळेच्या पुस्तकातला विषय नाही. नाव चुकले किंवा अर्धवट कळले, तर तपासणी चुकीच्या जागेची होऊ शकते, आणि कधी कधी कोणता अवयव काढला हे त्या बाईला आयुष्यभर कळत नाही. म्हणून या वेळी आम्ही रोजच्या बोलण्यातले काही शब्द निवडले आहेत. त्यांचा घरातला अर्थ, दवाखान्यातला अर्थ आणि दोन्हींतले अंतर आपण समजून घेऊ.

एक अवयव, चार नावे

जालना जिल्ह्यातल्या मुस्लिम घरात एकाच अवयवाची चार नावे सहज सापडतात. घरात दखनी, मदरशात किंवा उर्दू शाळेत उर्दू-अरबी, मराठी शाळेत संस्कृत वळणाचा शब्द आणि दवाखान्यात इंग्रजी. लिव्हरचेच पाहा : घरात कलेजी, उर्दूत जिगर, मराठी पुस्तकात यकृत, रिपोर्टवर लिव्हर. तसेच गुर्दा, मूत्रपिंड, किडनी. तसेच फेफडा, फुप्फुस, लंग्ज. तसेच तिल्ली, प्लीहा, स्प्लीन.

यामागे आपल्या भागाचा इतिहास आहे. १९४८ पर्यंत जालना हैदराबाद संस्थानात होते. त्या संस्थानात १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात वैद्यकशास्त्रसुद्धा उर्दूतून शिकवले जात असे, आणि त्यासाठी पुस्तकांचे भाषांतर करणारा 'दारुल तर्जुमा' हा स्वतंत्र विभाग होता. पुढे जालना मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. शाळा मराठी झाली आणि १ मे १९८१ रोजी स्वतंत्र जालना जिल्हा झाला. राज्य बदलले, पण आजीच्या तोंडचे शब्द राहिले. म्हणून आज आजी 'गुर्दा' म्हणते, नातू 'मूत्रपिंड' लिहितो आणि दोघांना सोनोग्राफीच्या कागदावर 'किडनी' दिसते. तिन्ही शब्द बरोबर आहेत. तिन्ही एकाच अवयवाचे आहेत हे घरातल्या सर्वांना ठाऊक असले म्हणजे झाले.

कलेजा : लिव्हर की हृदय?

सर्वांत मोठा घोटाळा या शब्दाचा आहे. मटणाच्या दुकानात 'कलेजी' म्हणजे लिव्हर, यात कोणाला शंका नाही. पण बोलण्यात 'कलेजा' म्हणजे हृदय. मराठीतही तेच. काळजाचा ठोका चुकतो तो हृदयाचा, आणि काळजात धस्स होते तेही छातीत. उर्दूत 'जिगर' लिव्हरच, पण जिगरी दोस्त मात्र मनात बसलेला. जुन्या हकीमांच्या आणि त्याआधी ग्रीक वैद्यांच्या मते रक्त तयार होण्याची जागा लिव्हर होती. जीव, हिंमत आणि माया यांचे ठिकाण लिव्हरशी जोडले गेले ते बहुधा त्यामुळेच. भाषेने तो मान अजून काढून घेतलेला नाही.

समजा, परतूरच्या एखाद्या घरातली पन्नाशीतली खाला रात्री म्हणाली, "कलेजे में जलन होरी." घरचे लोक म्हणतात, गॅस झाला, सोडा पाजा. तिला सांगायचे असते छातीच्या मधोमध, आणि ऐकणारा समजतो पोटाच्या वर. हार्ट अटॅकमध्ये प्रत्येकाला छातीवर मोठा दगड ठेवल्यासारखेच दुखते असे नाही. स्त्रियांना, वयस्कांना आणि शुगरच्या रुग्णांना अनेकदा फक्त जळजळ, मळमळ, घाम, धाप, जबड्यात, पाठीत किंवा हातात दुखणे एवढेच जाणवते. अशा वेळी 'कलेजा' हा शब्द बाजूला ठेवावा आणि बोटाने जागा दाखवावी. छातीच्या मधल्या हाडामागे दुखत असेल, घाम येत असेल, चालताना वाढत असेल, तर सोडा पाजत बसू नये. १०८ क्रमांकाची ॲम्ब्युलन्स बोलवावी, ती मोफत आहे. पोहोचताच ईसीजी काढण्यास सांगावे.

लिव्हरचे दुखणे सहसा वेगळ्या जागी असते. लिव्हर उजव्या बरगड्यांच्या खाली असते, तिल्ली डाव्या बरगड्यांच्या खाली आणि दोन्ही गुर्दे पाठीकडे, कमरेच्या वर. डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, भूक मरणे ही लक्षणे लिव्हरकडे बोट दाखवतात.

पित्त, पित्ता आणि पथरी

'पित्त झाले' असे आपण तीन वेळा तीन अर्थांनी म्हणतो. आंबट ढेकर, छातीत जळजळ झाली की पित्त. ती जठरातल्या आम्लाची, म्हणजे ॲसिडिटीची तक्रार. अंगावर लाल गांधी उठल्या, खाज सुटली की तेही पित्तच. ती ॲलर्जीची तक्रार. आणि तिसरे खरे पित्त : लिव्हर तयार करते तो हिरवट-पिवळा रस, जो पित्ताशयात, म्हणजे आपल्या 'पित्त्या'त साठतो आणि चरबी पचवायला मदत करतो. डॉक्टरांना नुसते "पित्ताचा त्रास आहे" म्हटले, तर तिघांपैकी कोणता हे त्यांनी ओळखायचे कसे?

'पथरी'चेही तसेच. पित्ताशयात खडे होतात आणि किडनीतही होतात. दोन्हींना आपण पथरी म्हणतो. पण पित्ताशयाच्या खड्याचे दुखणे उजव्या बरगडीखाली येते, बहुधा तेलकट जेवणानंतर, आणि कधी उजव्या खांद्याकडे जाते. मूतखड्याचे दुखणे पाठीच्या बाजूने सुरू होऊन जांघेकडे उतरते, सोबत लघवीला जळजळ किंवा लघवीत रक्त. किडनीतला छोटा खडा भरपूर पाण्याने अनेकदा पडून जातो. पित्ताशयातला तसा पाण्याने पडत नाही. म्हणून शेजारणीची पथरी ज्या काढ्याने 'पडली', तोच काढा आपल्या पित्ताशयावर महिनोन्महिने घेत राहणे योग्य नाही. पथरी म्हटले की पहिला प्रश्न असावा : "कशात? पित्ताशयात की किडनीत?"

बेंबी सरकली, नळ भरले, नाफ टळली या शब्दांबाबतही सावध राहावे. अपेंडिक्सचे दुखणे अनेकदा बेंबीभोवती सुरू होते आणि काही तासांनी पोटाच्या उजव्या खालच्या भागात जाऊन बसते. अशा पोटाला तेल लावून चोळणे, ओढणे धोक्याचे आहे. दुखणे जागा बदलून उजवीकडे खाली गेले, ताप किंवा उलटी सुरू झाली, तर मालिश थांबवून दवाखाना गाठावा.

सगळेच 'नस'

"नस दबली", "नस चढली", "नस सुजली", "नसबंदी केली." या चार वाक्यांत 'नस' चार वेगळ्या गोष्टींसाठी आली आहे. पाठीतून पायात चमक जाते तेव्हा दबते ती चेतातंतू, म्हणजे नर्व्ह. पिंडरीत गोळा येतो तो स्नायूचा. पायावर निळी, वाकडी फुगलेली दिसते ती शीर, रक्त हृदयाकडे परत नेणारी. आणि पुरुष नसबंदीत बंद करतात ती शुक्राणू वाहणारी नळी. तिचा मर्दानी ताकदीच्या नसांशी काही संबंध नाही. स्त्रियांच्या ऑपरेशनमध्येही बीजनलिका बंद करतात, पिशवी काढत नाहीत.

युनानी तिबमध्ये हे भेद फार पूर्वीपासून स्पष्ट आहेत : नर्व्ह म्हणजे असब, धमनी म्हणजे शिरयान, शीर म्हणजे वरीद, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी म्हणजे वतर. 'वरीद' हा शब्द तर आपल्या कानांवरून सूरह काफमध्ये गेलेला आहे. उर्दू तर्जुम्यात आपण त्याला शहरग म्हणतो. डॉक्टरांना 'नस' म्हणायला हरकत नाही, पण सोबत सांगावे : मुंग्या येतात का, बधिर होते का, फुगलेली दिसते का, की गोळा येऊन सुटतो? उत्तरावरून ते नर्व्ह, शीर आणि स्नायू वेगळे करतात.

'पिशवी' : सर्वांत महाग पडलेला शब्द

मराठवाड्यात गर्भाशयाला 'पिशवी' म्हणतात, दखनीत 'बच्चेदानी'. अंगावरून जाणे, अंग बाहेर येणे या बोलण्यात तर 'अंग' हाच शब्द त्या जागेसाठी येतो. पण या एका पिशवीत आपण किती अवयव कोंबतो ते पाहा. गर्भाशय, ज्यात बाळ वाढते. गर्भाशयमुख, म्हणजे त्याचे खालचे तोंड. दोन बीजनलिका. दोन अंडाशय, म्हणजे ओव्हरी, जिथे बीज आणि स्त्रीची हार्मोन्स तयार होतात. आणि योनीमार्ग, जो बाहेर उघडतो. हे सारे वेगवेगळे आहे, त्यांचे आजार वेगळे आहेत आणि ऑपरेशनही वेगळे आहे.

हा भेद किती मोलाचा आहे हे २०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्याने दाखवून दिले. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण देशभरात सुमारे ३ टक्के आहे. पुढे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना त्या लागू करण्यास सांगितले.

जालना जिल्ह्यातूनही दर वर्षी ऊसतोडीसाठी कोयते निघतात, आणि हा प्रश्न फक्त ऊसतोड बायकांचाही नाही. "पिशवीला सूज आहे, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल" हे वाक्य ऐकलेल्या भगिनी आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात सापडतील. पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, पाळीत जास्त रक्त जाणे यांची कारणे अनेक असतात. जंतुसंसर्ग असेल तर तो औषधांनी बरा होतो. गाठी, जास्त रक्तस्राव यांवरही आधी इतर उपाय असतात. काही आजारांत गर्भाशय काढणे खरोखर गरजेचे असते, तेव्हा घाबरून टाळूही नये. पण 'पिशवीला सूज' एवढ्या दोन शब्दांवर ऑपरेशनला होकार देऊ नये.

विचारायचे ते असे : "सूज नेमकी कशाला आहे? गर्भाशयाला, मुखाला की अंडाशयाला? सोनोग्राफीत काय लिहिले आहे? पॅप तपासणी केली का? औषधाने बरे होणार नाही का?" शक्य असेल तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातही तो घेता येतो.

ऑपरेशन ठरलेच, तर आणखी एक प्रश्न : "अंडाशय ठेवणार की काढणार?" फक्त गर्भाशय काढले तर पाळी थांबते, पण अंडाशय सहसा हार्मोन्स देत राहतात. पस्तिशीत दोन्ही अंडाशयही काढले, तर त्या वयातच रजोनिवृत्ती येते : अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडे लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. अशा स्त्रीला पुढे वेगळी काळजी आणि औषधे लागतात. गर्भाशयमुख तसेच ठेवले असेल, तर त्याची कॅन्सर तपासणी पुढेही करत राहावी लागते. "मेरी पिशवी निकाली" एवढेच माहीत असलेल्या भगिनीला यातले काहीच कळत नाही. म्हणून डिस्चार्ज कार्ड आणि काढलेल्या भागाचा तपासणी रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात जपावा, रेशन कार्डासारखा.

एक गोष्ट इथे आठवते. अरबीत गर्भाशयाला 'रहिम' म्हणतात, आणि रहमत, रहमान, रहीम हे शब्द त्याच मुळाचे आहेत. नातेवाइकांशी नाते जपणे म्हणजे सिला-रहमी, शब्दशः गर्भाशयाने जोडलेले नाते. ज्या अवयवाच्या नावावरून आपण नात्यांना नाव दिले, त्याचे नाव दवाखान्यात घेताना मान खाली घालण्याचे कारण नाही.

सारखे ऐकू येणारे शब्द

फाईलवरचे इंग्रजी शब्द घाबरवतात, पण थोड्या खुणा कळल्या तर बरेच उलगडते. शेवटी 'आयटिस' असेल तर त्या अवयवाला सूज : अपेंडिसायटिस, हेपॅटायटिस. शेवटी 'एक्टॉमी' असेल तर तो अवयव काढणे : अपेंडिसेक्टॉमी, हिस्टेरेक्टॉमी म्हणजे गर्भाशय काढणे, ओफोरेक्टॉमी म्हणजे अंडाशय काढणे, कोलेसिस्टेक्टॉमी म्हणजे पित्ताशय काढणे. संमतीपत्रावर सही किंवा अंगठा देण्याआधी त्यातला 'एक्टॉमी'वाला शब्द मोठ्याने वाचायला लावावा आणि अर्थ विचारावा.

काही शब्द बहिणींसारखे दिसतात. युरेटर म्हणजे किडनीपासून मूत्राशयापर्यंतची नळी, युरेथ्रा म्हणजे मूत्राशयातून बाहेर येणारा मार्ग आणि युटेरस म्हणजे गर्भाशय. नेफ्रो किडनीचा, न्यूरो नर्व्ह आणि मेंदूचा. इलियम तर दोन आहेत : एक कमरेच्या हाडाचा भाग, दुसरा लहान आतड्याचा शेवटचा भाग. इंग्रजीत एका अक्षराचा फरक, कानाला एकच. डॉक्टरांनाही हे शब्द काळजीने लिहावे लागतात, मग आपण पुन्हा विचारण्यात कमीपणा कसला? आणि कागदावरचा उजवा-डावा नेहमी रुग्णाचा असतो, समोर बसलेल्याचा नव्हे.

यातले काही शब्द आपल्याच वारशातून युरोपात गेले आहेत. मेंदूच्या बाहेरच्या जाड आवरणाला आजही डॉक्टर 'ड्यूरा मेटर' म्हणतात, म्हणजे कठीण आई. अरबी हकीमांनी मेंदूच्या आवरणाला 'उम्म', आई म्हटले होते, त्याचा तो बाराव्या शतकातला लॅटिन तर्जुमा. डोळ्यातल्या 'रेटिना'मागेही जाळे या अर्थाचा अरबी 'शबक' आहे. इब्ने सीनांचे 'अल-कानून' लॅटिनमध्ये गेले आणि युरोपातल्या विद्यापीठांत शतकानुशतके शिकवले गेले. नावे नेमकी घेण्याची ती शिस्त आपल्या घराला परकी नाही.

शर्म आणि शब्द

छाती हा शब्द आपण स्तनांसाठीही वापरतो आणि फुप्फुस-हृदयाच्या जागेसाठीही. "छाती में गाठ है" असे सून सासूला सांगते, सासू समजते कफ. स्तनातली गाठ दुखत नाही म्हणून महिने जातात. 'पेशाब की जगह' म्हणताना लघवीचा मार्ग आणि योनीमार्ग एक होऊन जातात, तर 'पेशाब में जलन' आणि 'जगह पर खुजली' या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

हया हा आपल्या दीनचा भाग आहे, यात दुमत नाही. पण हजरत आएशा (रजि.) यांनी अन्सारच्या स्त्रियांची तारीफ केली ती यासाठी, की हयेने त्यांना दीनची समज घेण्यापासून रोखले नाही. गरजेच्या ठिकाणी, गरजेपुरते, नीट शब्दांत विचारणे ही बेशरमी नव्हे. पुरुष डॉक्टरसमोर जड जात असेल तर महिला डॉक्टर मागावी, गावात आशाताईला आधी सांगून ठेवावे, चिठ्ठीवर लिहून न्यावे. मुलामुलींनाही शरीराच्या झाकलेल्या भागांची साधी, सभ्य नावे आईने शिकवावीत. दुखले, खुपले किंवा कोणी वाईट हात लावला, तर शब्द असलेले मूल सांगू शकते. शब्द नसलेले मूल गप्प बसते.

घरात एवढे करावे

एका वहीत घरातल्या प्रत्येकाचे पान ठेवावे. कोणते ऑपरेशन, कोणत्या साली, नेमका कोणता अवयव, उजवा की डावा, कोणत्या औषधाची ॲलर्जी, हे त्यात लिहावे. दवाखान्यात जाताना तीन गोष्टी ठरवून जाव्यात : कुठे दुखते ते एका बोटाने दाखवणे, कधीपासून आणि कशाने वाढते ते सांगणे, आणि ज्या शब्दाचा अर्थ कळला नाही तो पुन्हा विचारणे. कमी शिकलेल्या आजी-दादींसोबत घरातली शिकलेली मुलगी पाठवावी. दुभाषा म्हणून मुलगा किंवा नवरा असला, की निम्मी तक्रार सांगायचीच राहते.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या राज्यातल्या दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत जालन्याचेही आहे. तिथे बाहेरगावची मुले-मुली डॉक्टर व्हायला येतील. अंबड, मंठा, भोकरदनच्या बायकांच्या तोंडून 'पिशवी', 'कलेजा', 'नस' हे शब्द त्यांना पहिल्यांदाच ऐकू येतील. आपल्याही काही मुली तिथे जाव्यात ही आमची दुआ आहे, कारण त्यांना हे दोन्हीकडचे शब्द घरातूनच येत असतील. तोवर आपण एवढे नक्की करू शकतो : पुढच्या वेळी कोणी डॉक्टर "काढावे लागेल" म्हणाले, तर सही करण्याआधी शांतपणे विचारायचे, "नेमके काय?"